पंचफुलाबाई, तू जेवलीच नाहीस

पंचफुलाबाई, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मला अजून धड रडू आलेलं नाही. राग येतो. सकाळी डबा भरताना येतो, शाळेत पोरांची हजेरी घेताना येतो, मुकुटबनच्या बाजारात कोणी वांगी पुढं करून "घ्या ना मॅडम" म्हटलं तरी येतो. काल मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका पोरीनं डबा उघडला आणि आधी मैत्रिणीपुढं धरला. मी तिच्यावर खेकसले, "आधी तू खा!" पोरगी दचकली. तिचा काय दोष? मी तिच्यावर नव्हते ओरडले. तुझ्यावर ओरडले.

तू म्हणशील, "मेलेल्या माणसावर कोनी असं चिडते का व, मास्तरीन?" चिडते. जिवंतपणी चिडले तेव्हा तू हसायचीस आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वरण घालायचीस. आता पळी तुझ्या हातात नाही. आता ऐकून घे.

नऊ वर्षं आपण सोबत चाललो. पांढरकवड्याहून निघायचं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर पोचायचं. सत्तरेक माणसं, अंगावर पांढरे कपडे, पुढं पंचशील ध्वज, मागं स्वयंपाकाचे गंज, पसरट कोपर आणि तांदळाची पोती घेतलेला टेम्पो. माझे बाबा ही वाट दरवर्षी चालायचे. ते गेले त्या वर्षी मी त्यांच्या जागेवर आले. ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्या मुक्कामाला, करंजीला, मला इतकी भूक लागली होती की पत्रावळी मांडलेल्या दिसल्या तशी मी जाऊन बसले. बाजूला पाहिलं तर सगळे पुरुष.

पदयात्रेचे प्रमुख वासुदेवभाऊ लगबगीनं आले. "ओ मॅडम, ही माणसाइची पंगत हाये. बायाइची मंग बसते."

मी शरमेनं उठायला लागले. तेवढ्यात वरणाची बादली घेऊन तू मधे उभी राहिलीस. बुटकी, दणकट, पदर कमरेला खोचलेला. म्हणालीस, "बसली तं बसू द्या ना, भाऊ. भुकीले काय समजते, माणूस कोन अन् बाई कोन?" आणि त्यांच्याकडं न पाहता माझ्या भातावर वरण ओतलंस. "कोनत्या गावची व? मास्तरीन होय का? मंग तोंडानं बोल ना. 'घाला' म्हनाव लागते, नाई तं वाढनारी पुढी चालली जाते."

त्या दिवसापासून मी तुझी मास्तरीन झाले. भुकेच्या त्या एका वाक्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि त्याच वाक्यामुळं मला तुझा सगळ्यात जास्त राग येतो. कारण तुला कळत होतं, बाई. ती पद्धत खोटी आहे हे तुला माझ्या आधी कळत होतं. माझ्यासाठी तू ती एका क्षणात मोडलीस. दुसऱ्या वर्षी एका पोटुशी पोरीसाठी मोडलीस, तिसऱ्या वर्षी ताप आलेल्या म्हातारीसाठी. स्वतःसाठी कधीच मोडली नाहीस.

पुरुष जेवायचे, मग बाया, मग चुलीजवळच्या स्वयंपाकवाल्या, आणि त्याही उठल्या की तू. पालथ्या बादलीवर बसून, गंजाच्या तळाचा करपट भात खरडून, त्यावर उरलंसुरलं वरण. भाजी संपलेलीच असायची. मी एकदा माझ्या ताटातली भाजी बाजूला ठेवून तुझ्यापर्यंत आणली. तू ती टेम्पोच्या ड्रायव्हरला दिलीस. "त्यानं दोनदा मागतली होती," म्हणालीस.

हे लिहिताना मला तुझे चांगले दिवस आठवायचे नाहीत, पण ते येतातच. तू गावच्या शाळेत खिचडी शिजवायचीस. किती पोरं आली हे तुला सांगावं लागत नसे, आवाजावरून तू तांदूळ काढायचीस. पदयात्रेतही तसंच. लोक रस्त्याच्या वळणावर दिसले की कढई उतरवायची, बसेपर्यंत भात वाफेवर. जेवताना ओळखीच्या माणसांना तू शेजारी बसू देत नव्हतीस. सासू इकडं, सून तिकडं. "घरी तं रोजच बसता एकमेकाजवळ." मारेगावचा हमाल आणि यवतमाळचा वकील, दारव्ह्याची शिंपीण आणि मी. आणि तुझा नियम: स्वतःसाठी हाक द्यायची नाही, शेजारच्याला काय हवं ते पाहायचं आणि त्याच्यासाठी हाक द्यायची. "इकडं भाजी आना, भाऊचं ताट रिकामं हाये!" सत्तर माणसं एकमेकांच्या ताटात डोकावत जेवायची. पहिल्या दिवशी लाजायची. तिसऱ्या दिवशी भांडायची, "अहो, यांना भात वाढा ना, किती वेळचा सांगून राह्यलो!" बाबा गेल्यापासून मी एकटी जेवत होते. तुझ्या पंगतीत मला पुन्हा चव आली. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि ती कढीवाली बाई. चौथं वर्ष होतं. करंजी सोडली आणि असा पाऊस आला की टेम्पो चिखलात रुतला. रस्त्याकडेच्या एका कास्तकाराच्या बाईनं आपला कापूस ठेवायचा गोठा उघडून दिला. कुणब्याची बाई, पन्नाशीची, घरी एकटीच. आपण तिथंच चूल पेटवली. ती थोड्या वेळानं गंजभर कढी घेऊन आली आणि दाराशी ठेवून परत निघाली. तू आडवी गेलीस.

"बसा ना बाई. तुमच्या हातची कढी तुमी खाल्ली नाई, तं आमाले कशी गोड लागन?"

ती घुटमळली. एकदा रस्त्याकडं पाहिलं, कोणी येतंय का म्हणून. मग पदर सावरून माझ्या शेजारी बसली. सुरुवातीला तिचा हात पत्रावळीवर नुसता फिरत होता. तू तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "घाला म्हना." ती हसली, "घाला," म्हणाली आणि जेवली. जाताना तुझा हात धरून म्हणाली, "माह्या सासूनं पाह्यलं असतं तं घरात घेतलं नसतं मले." तू म्हणालीस, "मंग आमच्यासंगं नागपूरले चाला."

ती गेल्यावर तू पालथ्या बादलीवर बसलीस आणि गंज खरडता खरडता तुझ्या आईची गोष्ट सांगितलीस. पोर होती तेव्हा एका मोठ्या घरच्या लग्नाला गेलेली. सकाळपासून कुंपणाजवळ बसून राहिलेली. सगळे जेवले, वाजंत्रीवाले जेवले, गडी जेवले, बैलांना आंबोण झालं. मग कोणीतरी वरून तिच्या ओच्यात भात टाकला. हात लागू नये म्हणून उंचावरून. गरम होता, तिच्या मांड्या पोळल्या. "माय मरेपर्यंत सांगे," तू म्हणालीस, "का तो भात तिनं सांडू नाई देल्ला."

मला तेव्हा संताप आला आणि तो चुकीच्या माणसावर निघाला. मी म्हटलं, "आणि ही सगळी गोष्ट माहीत असून तू शेवटी बसतेस? खरवड खातेस?"

"फरक हाये व."

"काय फरक आहे?"

"माह्या मायले लोकाइनं शेवटी बसवलं. मी माह्या मनानं बसतो. गंज माहा, पळी माही. कोनाले कवा वाढाचं, ते मी ठरवतो. माह्या हातानं मी सत्तर लोकाइले बसवतो, मास्तरीन. तुले नाई समजाचं ते."

"पोटाला समजतं का हा फरक?"

तू गंज उचलून घासायला गेलीस. हे भांडण आपण पुढं पाच वर्षं भांडलो. कधी वडकीच्या विहारात, कधी टेम्पोच्या सावलीत, एकदा फोनवर तासभर. माझं म्हणणं होतं की ज्या पंगतीला शेवट आहे ती आपली पंगत नव्हे, मग शेवटी कोणी मनानं बसो की बळजबरीनं. तुझं म्हणणं होतं की शिकलेल्यांना सगळं एकाच मापानं मोजायची सवय असते. ते भांडण तसंच राहिलं. तू जिंकली नाहीस. मीही नाही.

मग तुझी साखर निघाली. आधी गोळ्या, आणि गेल्या वर्षापासून इन्सुलिनची सुई. तुझ्या थैलीत थंड पाण्याच्या थर्मासमधे ती बाटली पाहून मी विचारलं तर म्हणालीस, "काई नाई व, करुणा उगाच भेवते." करुणा, तुझी लेक, पांढरकवड्याला कपड्याच्या दुकानात काम करणारी. गेल्या वर्षी निघताना तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, सुई टोचली का अर्ध्या घंट्यात आईनं जेवलंच पाह्यजे. तुमी पाहा फक्त." मी म्हटलं, पाहते. आणि मी पाहत होते असं मला वाटत होतं. दोन्ही वेळ विचारायचे, "जेवलीस?" तू म्हणायचीस, "सैपाक करता करता चाखलं ना." मी ते मान्य करायचे. भाताची दोन शितं बोटावर घेऊन दाबून पाहणं याला जेवण म्हणतात, हे मी मान्य केलं. कारण ते मान्य करणं सोपं होतं, माझ्या पोटात अन्न होतं.

आता यंदाचा तो दुसरा दिवस.

वडकीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत एका गावाबाहेर निंबाची मोठी झाडं आहेत, तिथं दुपारचं जेवण होतं. ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. तुला टेम्पोतून पुढं जा म्हटलं तरी तू सकाळी दोन तास चाललीस आणि मग टेम्पोत बसलीस. भंतेजी दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून साडेअकराला त्यांचं जेवण झालं. त्यानंतर लगेच तू सुई टोचून घेतलीस, पंगत बाराला बसणार म्हणून. हे मला नंतर कळलं.

बाराला पंगत बसली नाही. तालुक्यातला एक पुढारी यात्रेकरूंसोबत जेवणार होता. वासुदेवभाऊंनी सांगितलं, "दहा मिनिट थांबा, साहेब निघाले हायेत." दहा मिनिटांचा दीड तास झाला. पत्रावळी मांडलेल्या, लोक त्यांच्यापुढं बसलेले, पोरं रडायला लागलेली. चुलीजवळ तुम्ही चौघी. तुझ्या बाजूला भाताची भरलेली कढई होती, बाई. झाकण काढलं असतंस आणि एक मूठ तोंडात घातली असतीस तर आज मी हे लिहीत बसले नसते. पाहुण्याच्या आधी कशी खाणार, नाही का? दीड वाजता गाडी आली. त्यानं पळी हातात घेतली, चार ताटांत वरण वाढलं, फोटो काढले, दोन घास खाल्ले आणि निघून गेला. त्याचा मला फारसा राग नाही. तो तसाच असतो. सत्तर माणसं त्याच्यासाठी दीड तास गप्प बसली, त्यात मी एक होते, याचा राग आहे.

मग पुरुषांची पंगत. मग आमची. तू बादली घेऊन माझ्यापाशी आलीस. तुझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पळी थरथरत होती. वरण माझ्या पत्रावळीच्या बाहेर सांडलं. नऊ वर्षांत तुझ्या हातून एक थेंब सांडला नव्हता. मी म्हटलं, "बस आता. माझ्याजवळ बस."

तू माझ्याकडं पाहून विचित्र हसलीस. म्हणालीस, "तू खाय व करुणा, मी आलीच."

करुणा म्हणालीस मला. मी वर पाहिलं, वाटलं ऊन लागलं असेल. आणि मी खाली मान घालून जेवले. भूक लागली होती. पुन्हा भात घेतला.

जेवून हात धुवायला गेले तर तू निंबाखाली आडवी झाली होतीस, तोंडावर पदर ओढून. चुलीजवळच्या एका बाईनं विचारलं, "पंचफुलाबाई झोपली का? उठवू का जेवाले?"

तिला उत्तर मी दिलं. मी म्हटलं, "थकली आहे. झोपू द्या थोडी."

मग मी माझी बाटली भरली, पायाच्या फोडाला पट्टी लावली, दारव्ह्याच्या शिंपिणीशी तिच्या नातवाच्या बारशाबद्दल बोलत बसले. पाऊण तास. निघायची शिट्टी झाली तेव्हा तुला हलवलं. पदर बाजूला केला तर लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलेलं, डोळे अर्धे उघडे, दात घट्ट. कोणीतरी गूळ आणला. तो तुझ्या ओठांवरून ओघळून मानेवर गेला. मी तुझं नाव घेऊन ओरडत होते. वासुदेवभाऊंनी स्वतः तुला उचलून टेम्पोत ठेवलं, हे मी मान्य करते. टेम्पोत गंज होते, कोपर होते, आणि कढईत तुझ्या वाट्याचा भात होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं, लगेच सलाइन लावलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "शेवटचं कधी जेवल्या होत्या?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. सकाळी चहा घेताना पाहिलं होतं, बिनसाखरेचा. आदल्या रात्री? आदल्या रात्रीही तू शेवटी होतीस आणि मी झोपायला गेले होते. नऊ वर्षं तुझ्या हातचं जेवले आणि तुझं शेवटचं जेवण कोणतं हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी तेच कागदावर लिहिलं.

तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याला बराच वेळ साखर मिळाली नव्हती, असं ते म्हणाले. तू जागी झाली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. पदयात्रा तोवर पुढच्या जिल्ह्यात पोचली होती.

आता तुला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेचं सांगते, कारण तिथं जे झालं त्यावरून लोक मला नावं ठेवतात. तुमच्या गावच्या विहारात, तुझा फोटो, पांढरी फुलं, पंचशील झालं आणि मग लोक बोलायला उठले. एकामागून एक सगळे तेच बोलले. पंचफुलाबाई कधी कोणाच्या आधी जेवली नाही. पंचफुलाबाईनं स्वतःचा घास दुसऱ्याला दिला. शेवटी वासुदेवभाऊ उठले आणि गहिवरून म्हणाले, "अशी त्यागमूर्ती पुना होने नाई. साऱ्या यात्रेचं पोट भरल्याशिवाय तिनं तोंडात घास नाई घातला." बायांनी डोळे पुसले. माना हलल्या.

मी उठले. बोलायला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "ती त्यागानं गेली नाही. उपाशी गेली. सत्तर माणसांच्या अन्नाजवळ बसून उपाशी गेली, आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय."

वासुदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, हे बोलाचा दिवस हाये का आज?"

"मग कोणता दिवस आहे? पुढच्या वर्षी दुसरी कोणी जाईल तो?"

"तिनं आमाले कवा सांगतलंच नाई का मले सुई हाये म्हनून."

"तुम्ही कधी विचारलं, तू जेवलीस का म्हणून?"

ते खाली बसले. मला बरं वाटलं. हो, बाई, तुझ्या फोटोसमोर मला बरं वाटलं. आणि तेवढ्यात तुझी करुणा उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "अन् तुमी? तुमाले तं मी सांगतलं होतं, मॅडम. त्या दिवशी तुमी इचारलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हटलं आणि बसले. पुढचं बोलले नाही.

मग जेवण होतं. चार बाया सकाळपासून विहारामागं स्वयंपाक करत होत्या. त्याच चौघी, पण तुझ्या जागी तुझी जाऊबाई. पंगत मांडली गेली आणि कोणी बसेना. वासुदेवभाऊ उभे, पाहुणे उभे. मग वासुदेवभाऊच चुलीकडं गेले आणि म्हणाले, "तुमी बसा आधी. आमी वाढतो." बाया लाजून लाल झाल्या. "पाहुनेमंडळी उभी असताना आमी कशा बसनार?" म्हणाल्या. शेवटी बसल्या, अर्ध्या वळून, जणू कोणी हाक मारली की उठायला बरं. वासुदेवभाऊंनी वरणाचा असा ढीग केला की भात दिसेना. एकीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. घाईघाईनं चार घास खाऊन त्या उठल्या. एका दिवसात काही होत नसतं. पण पुढच्या वर्षी दोन पंगती राहणार नाहीत, सगळे सोबत बसतील आणि वाढपी पाळीनं बदलतील, असं वासुदेवभाऊंनी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. पाहू. मी येणार आहे, पाहायला.

त्या दिवशी मी वाढायला राहिले. दोन तास बादली घेऊन वाकत होते. कंबर मोडली, पोटात कावळे ओरडत होते, आणि दर ताटाजवळ कोणी वर पाहून "घाला" म्हटलं की मला काहीतरी गोड वाटत होतं. आपल्यावाचून यांचं अडतं, असं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "तुमी नाई जेवल्या अजून?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माझं काय, होईल." कसं सहज निघालं. मला त्या क्षणी तुझी पाच वर्षांची बाजू कळली, बाई, आणि मी आणखी चिडले. तू आम्हाला भरवत होतीस, पण त्या मोबदल्यात आमच्याकडून तुला काहीतरी मिळत होतं, आणि त्यासाठी तू तुझ्या लेकीला पोरकं केलंस. मी बादली खाली ठेवली आणि तिथंच, लोक जेवत असताना, त्यांच्यात बसून जेवले.

पण एक गोष्ट राहिली होती. विहारात मी "नाही" म्हणाले आणि बसले, ते अर्धंच होतं. "झोपू द्या" हे मी म्हटलं होतं. त्या बाईनं तुला उठवलं असतं. मी अडवलं. हे फक्त मला आणि तिला माहीत होतं, आणि ती माझा आब राखून गप्प होती. वासुदेवभाऊंना भर सभेत जाब विचारणारी मी हे पोटात घेऊन फिरत होते.

म्हणून गेल्या रविवारी मी तुमच्या घरी गेले. करुणा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी पाट ओढून बसले आणि सगळं सांगितलं. पळी थरथरली ते, तू मला तिच्या नावानं हाक मारलीस ते, मी पुन्हा भात घेतला ते, आणि निंबाखालचे माझे ते शब्द. तव्यावरची भाकर करपली, तिनं उलटली नाही.

म्हणाली, "आईनं माहं नाव घेतलं होतं?"

"हो."

"अन् तुमी जेवत होत्या."

"हो."

तिनं तवा उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "जा तुमी आता, मॅडम."

मी उठले. उंबऱ्यापर्यंत आले तरी तिनं मागून हाक दिली नाही. टोपल्यात गरम भाकरी होत्या, दुपारचा एक वाजला होता, आणि पंचफुलाबाई, तुझ्या घरातून मी पहिल्यांदाच उपाशी निघाले. बस यायला दोन तास होते. मी फाट्यावर उन्हात उभी राहिले. तुझ्या लेकीला तुझ्यासारखं होता आलं नाही, याचा मला त्या दिवशी आनंद झाला.